इंग्रजीचा पाठ : रोखणारी क्रियापदे

'अत्याचार प्रतिबंधक कायदा' आणि 'बालविवाह प्रतिबंधक कायदा' ही दोन्ही नावे आपल्या बहुतेक वाचकांच्या कानावरून गेलेली आहेत. मराठीत दोन्हीकडे शब्द एकच, प्रतिबंध. इंग्रजी प्रत उघडली तर पहिल्या कायद्याच्या नावात 'प्रिव्हेन्शन' दिसते आणि दुसऱ्याच्या नावात 'प्रोहिबिशन'. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या मुलाला विचारले तर तो दोन्हींचा अर्थ 'रोखणे' असाच सांगतो. तो चूक नाही, पण त्याचे उत्तर अपुरे आहे. इंग्रजीत रोखण्याच्या अर्थाची डझनभर क्रियापदे आहेत. ती पाठ करून हाती फारसे लागत नाही. प्रत्येक क्रियापदाला एकच प्रश्न विचारावा : शेवटी ती गोष्ट घडली की नाही?

'प्रिव्हेंट'चे उत्तर स्पष्ट आहे. घडली नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'आधी येणे, पुढे येणे' असा होता. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात हे क्रियापद त्याच जुन्या अर्थाने आले आहे. त्यामुळे ती ओळ आजच्या अर्थाने वाचणारा गोंधळतो. जो संकटाच्या आधी पोहोचतो तो संकट होऊ देत नाही, अशा वाटेने आजचा अर्थ आला. मच्छरदाणी डास चावण्याआधी लावायची असते, म्हणून 'द नेट प्रिव्हेंट्स मॉस्किटो बाइट्स' हे वाक्य बरोबर आहे. वाक्यात माणूस आला की पुढे 'फ्रॉम' आणि 'इंग' हवे : 'द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम गोइंग.' आपली मुले इथे हटकून 'टु गो' लिहितात.

'अव्हॉइड' म्हणजे टाळणे. यात आपण स्वतः बाजूला होतो, समोरची गोष्ट मात्र जागेवरच राहते. ओढ्याला पूर आला आणि आपण पुलावरच्या लांबच्या रस्त्याने गेलो, तर आपण पूर 'अव्हॉइड' केला, 'प्रिव्हेंट' केला नाही. अपघाताच्या बाबतीत दोन्ही शब्द चालतात, पण कर्ता बदलतो. ब्रेक दाबणारा ड्रायव्हर अपघात 'अव्हॉइड' करतो आणि घाटातल्या वळणावर कठडा बांधणारा अपघात 'प्रिव्हेंट' करतो. हा फरक कळला की एक नेहमीची चूक सुटते. 'मुलाला पडण्यापासून वाचवा' याचे भाषांतर 'अव्हॉइड द चाइल्ड फ्रॉम फॉलिंग' असे केलेले पुष्कळदा आढळते. 'अव्हॉइड द चाइल्ड' म्हणजे त्या मुलापासून चार हात लांब राहा! इथे 'प्रिव्हेंट'च हवे.

'अव्हर्ट'ही त्याच सुरुवातीचा आहे, पण घराणे वेगळे. मूळ अर्थ तोंड दुसरीकडे वळवणे, म्हणून नजर वळवण्यालाही हाच शब्द लागतो. संकट अगदी दाराशी आले आणि ऐन वेळी वळले, तर 'अव्हर्ट'. वर्तमानपत्रांचा हा आवडता शब्द आहे. रोजच्या बोलण्यात त्याची गरज क्वचितच पडते.

'स्टॉप' सर्वांना येतो. त्याच्या मुळाशी भोक बुजवणे आहे. बाटलीच्या बुचाला 'स्टॉपर' म्हणतात ते त्यामुळेच. म्हणून जे आधीच वाहते किंवा चालते आहे त्याला हा शब्द शोभतो. जखमेतून येणारे रक्त 'स्टॉप' करायचे, चालती गाडी 'स्टॉप' करायची. एक सापळा लक्षात ठेवावा. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तो बोलायचा थांबला. 'ही स्टॉप्ड टु टॉक' म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला.

आता 'हिंडर' आणि 'इम्पीड'. इथे आपल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. गोष्ट घडली, पण अडखळत. 'इम्पीड'मध्ये लॅटिनमधला पाय लपला आहे, म्हणजे पायात अडकवणे. आपण 'पायात खोडा' म्हणतो तेच. समजा, पाड्यावरून शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर फरशी घालून हवी म्हणून तुम्ही इंग्रजीत अर्ज लिहीत आहात. पावसाळ्यात चिखलामुळे मुले तासभर उशिरा पोहोचतात. तुम्ही लिहिले, 'मड प्रिव्हेंट्स द चिल्ड्रन फ्रॉम अटेंडिंग स्कूल'. साहेब हजेरीपट मागवतात आणि पटावर तर मुले हजर! अर्ज खोटा ठरायला एवढे पुरते. 'हिंडर्स' लिहिले असते तर तोच हजेरीपट, उशिराच्या नोंदींसह, तुमच्या बाजूने बोलला असता. उलट, ओढ्याच्या पुरामुळे मुले आठवडाभर जाऊच शकली नसतील तर 'हिंडर' लिहून आपलेच गाऱ्हाणे पातळ करू नये.

काही शब्दांत चित्रे आहेत आणि ती आपल्या ओळखीची निघतात. 'डिटर'मध्ये भीती आहे : धाक बसल्यामुळे माणूस स्वतःच मागे फिरतो. 'कर्ब' हा मूळचा घोड्याच्या लगामाचा भाग. 'चेक' म्हणजे चक्क आपला 'शह'. बुद्धिबळातला फारसी 'शाह' पश्चिमेकडे जाता जाता 'चेक' झाला, आणि तोच मराठीत 'शह देणे' या रूपाने नांदतो आहे. 'फोरस्टॉल' मला सर्वांत उद्बोधक वाटतो. आज त्याचा अर्थ आधीच हालचाल करून दुसऱ्याचा बेत हाणून पाडणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मात्र तो गुन्हा होता : माल बाजारात पोहोचण्याआधी वाटेतच गाठून विकत घ्यायचा आणि मग चढ्या भावाने विकायचा. हा गुन्हा तिथल्या कायद्यातून 1844 साली काढून टाकला. आठवडी बाजाराच्या वाटेवर मोहाची फुले किंवा हिरडा पडत्या भावात उचलणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागणार नाही.

आता सुरुवातीच्या दोन कायद्यांकडे येऊ. 'फर्बिड' आणि 'प्रोहिबिट' म्हणजे मनाई करणे. आई, शिक्षक, वडीलधारे 'फर्बिड' करतात आणि त्यापुढे 'टु' येते. कायदा आणि पाटी 'प्रोहिबिट' करतात आणि त्यापुढे 'फ्रॉम' येते. पण दोन्ही शब्द फक्त मनाई झाली एवढेच सांगतात. गोष्ट घडली की नाही, यावर ते गप्प आहेत. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारू 'प्रोहिबिटेड' आहे. ती 'प्रिव्हेंटेड' आहे का, हे गावातल्या बायकांना विचारावे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नावात 'प्रिव्हेन्शन' आहे, आणि त्यात शिक्षेबरोबरच, अत्याचार होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे आधी ओळखण्यासारखे उपायही सांगितले आहेत. 'आधी पोहोचणे' हा जुना अर्थ इथे अजून जागा आहे.

बालविवाहाच्या कायद्याचे तर इंग्रजी नावच बदलले. 1929 चा कायदा, ज्याला लोक शारदा कायदा म्हणत, त्याच्या नावात 'रिस्ट्रेंट' होते, म्हणजे आवर घालणे. लग्न लावणाऱ्यांना शिक्षा होई, पण लागलेले लग्न कायम राही. 2006 च्या कायद्याने 'रिस्ट्रेंट' काढून 'प्रोहिबिशन' घातले, आणि बदल नावापुरता राहिला नाही. बालपणी लग्न झालेली मुलगी किंवा मुलगा न्यायालयाकडून ते लग्न रद्द करून घेऊ शकतो. सज्ञान झाल्यावर दोन वर्षे पूर्ण होण्याआधी हा अर्ज करता येतो. अशा लग्नाला इंग्रजीत 'व्हॉइडेबल' म्हणतात. मुलीला पळवून किंवा विकून लावलेले, किंवा न्यायालयाची मनाई मोडून लावलेले लग्न मुळातच 'व्हॉइड', म्हणजे झालेच नाही असे धरतात. गंमत अशी की आपला 'अव्हॉइड'ही याच 'व्हॉइड'चा नातेवाईक आहे. कायद्याच्या इंग्रजीत त्याचा 'रद्द करणे' हा अर्थ आजही चालतो. तेव्हा करारनाम्यात 'अव्हॉइड' दिसले तर 'टाळणे' समजून पुढे जाऊ नका.

'प्रोहिबिशन'चे 'प्रिव्हेन्शन' होण्यासाठी कोणीतरी मांडव पडण्याआधी कळवावे लागते. गावात तसे कळवायचे ते ग्रामसेवकाकडे, किंवा मुलांसाठी असलेल्या 1098 या क्रमांकावर.

सरावासाठी पुढील वाक्यांचे इंग्रजी करा आणि प्रत्येक वेळी तो एकच प्रश्न आधी विचारा. बंधाऱ्यामुळे माती वाहून गेली नाही. आजोबा रात्री जंगलातली वाट टाळतात. दगडांमुळे बैलगाडी हळू चालली. लग्नाच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक आले आणि लग्न थांबले. शेवटच्या वाक्यासाठी 'स्टॉप', 'प्रिव्हेंट' आणि 'अव्हर्ट' तिन्ही वापरून पाहा, आणि प्रत्येक शब्दाने वाक्यात काय बदलते ते एका ओळीत मराठीत लिहा.