कोटा कोणाचा, पसंती कोणाची?

दहावीचा निकाल लागला की चेंबूर-घाटकोपर पट्ट्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांना कोटा आहे, आपल्या पोरीला कोण घेणार?" कोटा आहे, हे खरं. फाळणीनंतर चेंबूरला आलेल्या सिंधी समाजातल्या हशू अडवाणींनी १९६२ साली विवेकानंद एज्युकेशन सोसायटी उभी केली. घाटकोपरचं झुनझुनवाला कॉलेज हिंदी भाषकांच्या संस्थेचं, विद्याविहारचं सोमय्या गुजराती भाषकांच्या संस्थेचं. अशा भाषिक अल्पसंख्याक कॉलेजांत अकरावीच्या ५० टक्क्यांपर्यंत जागा त्या त्या भाषकांना मिळतात.

पण बाकीच्या जागा कुठे पळून गेल्या? त्या मुख्यतः केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतूनच भरतात. कोट्यातल्या रिकाम्या जागाही संस्था 'सरेंडर' करतात आणि त्या पुढच्या फेऱ्यांत येतात. मुलगी त्याच संस्थेच्या शाळेतली असेल तर इनहाउस कोट्याचीही चौकशी करा. तिथे मातृभाषा आड येत नाही.

खरं नुकसान होतं ते पसंतीक्रमात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो; नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. तरीही पहिल्या ओळीत नातेवाइकांना सांगायला बरं वाटेल असं नाव भरलं जातं. चेंबूरहून घाटकोपरला लोकलने जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. सकाळच्या गर्दीत तिथला पूल एकदा मुलीबरोबर चढून पाहा, मग फॉर्म भरा. गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना शेवटच्या फेरीचाही बघा. पहिल्या फेरीचा आकडा उगाच घाबरवतो.

प्रवेशानंतरची भीती इंग्रजीची. मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्यांना सुरुवातीला इंग्रजी फिजिक्स जड जातं. त्यासाठी महागडा क्लास लागतोच असं नाही. सुट्टीत दहावीचंच विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं तरी निम्मी भीती जाते.

दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेण्याची सध्या लाट आहे, कारण मार्क सहज मिळतात. घ्या, पण स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर थांबा. राज्यसेवा मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर अनिवार्य आहे. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत स्थानिक भाषा यावीच लागते. म्हणून शेजारच्या तमिळ आणि सिंधी पालकांनाही माझं सांगणं एकच : मराठीचा पर्याय मिळत असेल तर तो मार्कांपायी सोडू नका.