अभ्यासपाठ : दाव्याचा कागद लिहिताना



गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक व सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. आमचा बाप कोण, काय घडले, आमचा हक्क कशावरून आणि आम्हांला काय हवे, एवढेच त्यांनी सांगितले. कोणाला दूषण दिले नाही. त्यांचे म्हणणे योग्य ठरले व त्यांना वतन मिळाले. दिवाणी दाव्याचा अर्ज, म्हणजे वादपत्र, याच चार गोष्टींवर उभे असते.

हे मी चुकून शिकले. आमच्या भागातील एका पाड्यावरच्या विधवा बहिणीच्या भातशेतात भाऊबंदाने बांध फोडून नांगर घातला. मी रात्र जागून चार पाने लिहिली. लोभ, अन्याय, विधवेचे अश्रू, सारे त्यात होते. तालुका विधी सेवा समितीतील वकिलांनी ते वाचून तीनच प्रश्न विचारले : बांध कधी फोडला? कोणत्या गटात? किती जागा गेली? मी गप्प. मागे बसलेली बहीण म्हणाली, "ताई, लावणीच्या दोन दिवस आधी. उंबरापासून ओहोळापर्यंत. तुम्ही विचारलंच नाही."

म्हणून हा पाठ.

1. योग्य दार शोधा. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर आधी महसूल अधिकाऱ्यांकडे जावे. शेताची वहिवाटीची वाट अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 नुसार तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागावी. हद्दीचा वाद, उसने पैसे अशा बाबी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात जातात. मुदत पाहा : उसने पैसे परत मागण्यास साधारण 3 वर्षे, मालकीच्या जमिनीचा ताबा मागण्यास 12 वर्षे. दावा सरकारविरुद्ध असेल, तर सहसा दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

2. कागद गोळा करा. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, पावत्या. यिर्मयाने शेताचे खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला सांगितले होते (यिर्मया 32). आपण निदान प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवावी.

3. लिहा. वर न्यायालयाचे नाव. मग वादी व प्रतिवादी यांची नावे, वय व पत्ते. पुढे क्रमांक घालून परिच्छेद, एका परिच्छेदात एकच गोष्ट. जमिनीचा गट नंबर, क्षेत्र व चतुःसीमा. दाव्याचे कारण कोठे व कधी घडले, या न्यायालयाला अधिकार कसा पोहोचतो, दाव्याची किंमत किती. शेवटी मागणी स्पष्ट लिहा. न मागितलेले मिळेल असे धरू नका. खाली सही किंवा अंगठा आणि सत्यापन : कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे, कोणते दुसऱ्यांकडून मिळालेल्या माहितीवरून खरे मानले. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी एकेक प्रत.

4. खर्चाला घाबरू नका. महाराष्ट्रात 1994 च्या शासकीय अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. इतर कोणाला फी भरणे शक्य नसेल, तर निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी मागता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मागता येतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक 15100. स्वतः दावा चालवण्याचा हक्क असला, तरी दाखल करण्यापूर्वी कागद तेथे दाखवून घ्यावा.

आता आपल्या मर्यादेविषयी. वकिलाशिवाय उभे राहण्याचा हक्क वादीचा आहे, आपला नाही. आपण लिहायला मदत करू शकतो. कोर्टात तिच्या वतीने बोलणे आपले काम नव्हे. उलटतपासणी तिची होणार आहे. तिने न सांगितलेले एक वाक्य जरी आपण दयेपोटी घातले, तरी त्याचा जाब तिला द्यावा लागेल. म्हणून अंगठा घेण्यापूर्वी सगळा कागद तिच्या बोलीत वाचून दाखवावा आणि ती "हे असं नव्हतं" म्हणाली, तर तेथेच दुरुस्त करावे.

आमचा दुसरा कागद दीड पानाचा झाला. त्यात उंबर होता, ओहोळ होता, अश्रू नव्हते. दावा अजून चालू आहे. तारखेला ती बहीण आपली पिशवी स्वतः घेऊन जाते आणि कोणता कागद कशाचा, हे तिला माझ्याआधी सांगता येते.

मंडळीत चर्चेसाठी :
1. गरजूंसाठी बोलताना आपण त्यांना किती वेळा विचारतो?
2. आपल्या मंडळीतील किती कुटुंबांचा सातबारा आज त्यांच्या घरात आहे?
3. पाड्यावर कागद वाचून दाखवायला महिन्यातून एक दिवस कोण देईल?