ध्यान कशासाठी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील वस्त्यांत धम्मवर्गाच्या निमित्ताने बोलताना एक प्रश्न हमखास येतो : “सर, अन्यायाविरुद्ध लढायचे सोडून डोळे मिटून काय बसायचे?” इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला हा प्रश्न रास्त वाटतो. ज्या समाजाला शतकानुशतके मुकाट सोसायला शिकविले गेले, त्याने शांततेच्या उपदेशाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांकडेच सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या अनुसरणाची प्रतिज्ञा आहे, आणि सम्यक् स्मृती व सम्यक् समाधी ही त्या मार्गाचीच अंगे आहेत. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मूळ इंग्रजी आवृत्तीत त्यांनी नुसती समाधी आणि सम्यक् समाधी यांत भेद केला आहे. नुसत्या समाधीने विकार तेवढ्यापुरते थांबतात. सम्यक् समाधी मनाला कुशलाकडे कायमचे वळण लावते. म्हणजे ध्यान हा पलायनाचा नव्हे, मन घडविण्याचा मार्ग आहे.

हे मी पुस्तकात वाचले होते. पटले मात्र एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी लोकलच्या खोळंब्याने वैतागून वर्गात शिरलो आणि गृहपाठ न केलेल्या एका मुलाला सर्वांदेखत नको ते बोललो. गावी वडील आजारी असल्याने तो रात्रभर झोपला नव्हता, हे नंतर कळले. समतेवर व्याख्याने देणाऱ्या माझ्या जिभेला मैत्री ठाऊक नव्हती. त्याची क्षमा मागितली आणि ध्यानाला बसू लागलो.

आरंभ साधा आहे. रोज पहाटे दहा मिनिटे आनापानसती : श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच जाणायचे; मन भटकले तर न चिडता परत आणायचे. मग मैत्रीभावना : प्रथम स्वतःविषयी, मग मित्राविषयी, अनोळखी माणसाविषयी, न आवडणाऱ्याविषयी आणि शेवटी सर्वांविषयी. पाया मात्र पंचशीलाचाच हवा.

राग मला आजही येतो. परंतु राग आणि शब्द यांच्यामध्ये आता एका श्वासाचे अंतर असते. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्यालाही ते अंतर हवेच. अन्यथा त्याचा राग प्रथम घरच्यांवर निघतो. ध्यान हा संघर्षाला पर्याय नाही. संघर्ष करणाऱ्या मनाची ती मशागत आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, उद्या पहाटे दहा मिनिटे बसून पाहा. अनुभवाच्या कसोटीवर उतरले, तरच स्वीकारा.

नमो बुद्धाय! जय भीम!