रोमा लोकांची वेस

हे अंक मोठ्याने म्हणून पाहा : येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. युरोपात शेकडो वर्षे राहिलेल्या रोमा लोकांच्या रोमानी भाषेतले हे अंक. नाकाला ते ‘नाख’ म्हणतात, कानाला ‘कान’ आणि पाण्याला ‘पानी’! बोलीनुसार उच्चार थोडे बदलतात इतकेच. ते इजिप्तहून आले अशा गैरसमजातून इंग्रजीत ‘जिप्सी’ हा शब्द रूढ झाला. पण अठराव्या शतकात भाषेच्या अभ्यासकांनी त्यांचे भारतीय मूळ ओळखले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार त्यांचे पूर्वज सुमारे १५०० वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले.

आता पुढे मोजा. सात म्हणजे ‘एफ्ता’, आठ ‘ओख्तो’, नऊ ‘एन्या’. हे शब्द चक्क ग्रीक आहेत! वाटेत ग्रीक भाषकांच्या सहवासात झालेल्या दीर्घ मुक्कामाची ही खूण. पुढे धर्मही निरनिराळे झाले. कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. इतरांशी रक्तसंबंधही आले. मग ‘रोमा’ म्हणून उरले काय?

समूहाच्या आत काय भरले आहे यापेक्षा त्याची वेस कशी राखली जाते ते पाहा, असे नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली मांडले. मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक. मला नदीतला भोवरा आठवतो. पाणी क्षणोक्षणी नवे, भोवरा मात्र तोच. (उपमा इथवरच. आपण भोवरा आहोत हे भोवऱ्याला ठाऊक नसते.)

रोमा बाहेरच्या माणसाला ‘गाजो’ म्हणतात. त्यांच्यातल्या काल्देराश गटाच्या परंपरेत कमरेवरचे आणि कमरेखालचे कपडे एकत्र धूत नाहीत. शेजाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, पण आतल्यांना तेवढ्यावरून आपला कोण ते कळते. आतही वेशी आहेतच : काल्देराश तांब्याची भांडी घडवणारे, लोवारी घोड्यांचे व्यापारी. जर्मनीतले अनेक सिंती तर स्वतःला रोमा म्हणवूनच घेत नाहीत.

वेस बाहेरूनही आखली जाते. नाझी जर्मनीत १९३६ पासून डॉ. रॉबर्ट रिटर यांच्या पथकाने रोमा आणि सिंती लोकांची शारीरिक मोजमापे घेतली, वंशावळी जमवल्या आणि ‘शुद्ध’ कोण, ‘मिश्र’ कोण याची वर्गवारी केली. मोजपट्टी विज्ञानाची, पण उत्तर आधीच ठरलेले. ज्यांना छळछावण्यांत धाडायचे त्यांची निवड करताना ही माहिती वापरली गेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झच्या छावणीत उरलेल्या चार हजारांहून अधिक रोमा आणि सिंती स्त्रीपुरुषांना व मुलांना विषारी वायूने मारण्यात आले.

युद्धानंतर रिटर फ्रँकफर्ट शहराच्या आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून नोकरीला लागले. त्यांना शिक्षा झाली नाही.