बोटातला काटा आणि ठणका

प्रश्न : मासे साफ करताना आईच्या बोटात काटा रुतला. दोन दिवसांत बोट सुजलं. हळद-चुना लावू का? (एक वाचक, येरवडा)

उत्तर : लेप नको, आजच दवाखाना गाठा. अंगठी मात्र आत्ताच काढा. सूज चढली की अंगठी कापावी लागते.

बोट सगळीकडून सुजून किंचित वाकलेलं राहतंय का? हलकेच सरळ केलं तरी कळ येते? तळहाताच्या बाजूने दाबल्यावर दुखतं? मग स्नायूबंधाच्या आवरणात पू झालेला असू शकतो. अशा वेळी एक रात्रही थांबू नये, नाहीतर बोट कायमचं आखडू शकतं. ताप असेल, लाल रेघ मनगटाकडे सरकत असेल किंवा मधुमेह असेल, तर थेट पुण्यातल्या ससून रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. तो रात्रीही उघडा असतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.