'विदाउट प्रेज्युडिस' कुठे लिहायचं?

वकिलाची नोटीस घरात आली की तिच्या माथ्यावरचे दोन इंग्रजी शब्द लोकांना फार भावतात: 'विदाउट प्रेज्युडिस', म्हणजे 'हक्कांना बाधा न येता'. मग ते पुढच्या प्रत्येक पत्रावर उमटतात. सोसायटीत पत्रं लिहून द्यायचं काम माझ्याकडे असतं; पार्किंगच्या तक्रारीवरसुद्धा मी ते पाहिलेत.

शेजारच्या वहिनींना ते महागात पडलं. कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन, ओटा अर्धवट टाकून गायब झाला. वहिनींनी पत्र खणखणीत लिहिलं: किती पैसे कधी दिले, काय राहिलंय, काम पुरं करा नाहीतर पैसे परत द्या. आणि विषयाच्याही वर, ठळक अक्षरांत, तेच दोन शब्द! प्रकरण दिवाणी कोर्टात गेल्यावर समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. हे तडजोडीचं पत्र आहे, पुराव्यात घेऊ नका म्हणाले. मजकुरात तडजोडीचं नावही नव्हतं, त्यामुळे हरकत टिकली नाही. पण त्यावर तारखा गेल्या त्या गेल्याच.

या शब्दांचं खरं काम वेगळं आहे. 'माझे एक लाख येणं आहे, पण वाद मिटत असेल तर साठ हजारांवर तयार आहे', असं लिहाल तेव्हा ते हवेत. बोलणी फिसकटली, तर 'साठच येणं होतं, यांनीच कबूल केलंय' असं म्हणत समोरच्याने तो कागद कोर्टात नाचवू नये, यासाठी. या संरक्षणासाठी १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २३ होतं; १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २१ आहे. हे संरक्षण दिवाणी दाव्यांपुरतं. पोलिसांकडच्या अर्जावर ते शब्द लिहून काही साधत नाही.

म्हणून मागणीचं पत्र आणि तडजोडीचा प्रस्ताव एकाच कागदावर नको. जे पत्र उद्या कोर्टाला दाखवायचंय, त्यावर हे शब्द घालू नका. वादातलं बिल भरताना त्यांच्याऐवजी 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत राखून) लिहा आणि हरकत कशाला आहे तेही त्याच पत्रात नोंदवा. तडजोड ठरलीच, तर ती नव्या कागदावर, या शब्दांविना, दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. रक्कम मोठी असेल तर प्रस्ताव पाठवण्याआधी वकिलांच्या नजरेखालून घाला. पाठवल्यावर दाखवून फारसा उपयोग होत नाही.