गुलाबी गाठ कापून बघा

जून संपत आला होता. पाऊस एकदाच पडून दडी मारून बसलेला. देऊळगाव राजाच्या बसस्थानकाजवळ चहा पीत होतो, तेवढ्यात ओळखीचे एक गृहस्थ मोटरसायकल थांबवून उतरले. सीटवर सोयाबीनची बॅग आडवी बांधलेली, दोरीत जिवाणू खताचं पाकीट खोचलेलं, आणि मागे नुकतीच बारावी झालेली मुलगी.

"सर, पोरीचं नीट हुकलं. रिपीट करू द्यावं, का मायक्रोबायोलॉजीला टाकू?"

या 'टाकू' शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. नीट हुकलं की बीएससीला 'टाकायचं', आणि बीएससीत गणित नको म्हणून मायक्रोला 'टाकायचं'. पण त्या दिवशी भांडण बाजूला ठेवून मी एवढंच म्हणालो, "आधी ते पाकीट सावलीत घ्या. आत जीव आहेत, उन्हात मरतील."

मुलीने पाकीट ओढून काढलं आणि मागचं छापील वाचायला लागली. "जीव म्हणजे किती?" तिने विचारलं. वडिलांचा प्रश्न करिअरचा होता, मुलीचा विषयाचा. हा लेख दोघांसाठी आहे, पण सुरुवात मुलीच्या प्रश्नापासून करतो.

भुकटीच्या रूपातल्या रायझोबियम खतात एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असं खत नियंत्रण आदेश सांगतो. ५ कोटी मोजतात कसे? एक ग्रॅम भुकटी नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळायची. ती दहापट पातळ झाली. त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीतल्या नऊ मिलिलिटर पाण्यात. असं पाच नळ्या केलं की मूळ माल एक लाख पट पातळ झाला. शेवटच्या नळीतला मिलिलिटरचा दहावा भाग पेट्री डिशमधल्या आगरवर पसरवायचा आणि डिश उबवणीला ठेवायची. एकेक जिवाणू वाढून त्याचा ठिपका होतो, त्याला वसाहत म्हणतात. डिशवर ५० ठिपके आले? मग ५० गुणिले १० गुणिले १ लाख, म्हणजे ५ कोटी. पाकीट पास. हिशेब पाचवीतला आहे. अवघड आहे ते पाचही नळ्यांत हात न चुकणं. आणि सोयाबीनचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, वाढायला इतका आळशी की ठिपके नीट दिसायला आठवडाभर लागतो. तोवर थांबायचं.

हे जिवाणू मातीत गेले की सोयाबीनच्या मुळांशी त्यांचा सौदा ठरतो. झाड साखर देतं, ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. व्यवहाराची जागा म्हणजे मुळांवरच्या गाठी. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक झाड कुदळीने मातीसकट उचला, उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने कापा. आत गुलाबी दिसली तर कारखाना सुरू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू नाही किंवा जिवाणू कामाचे नाहीत. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलं. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. नत्र पकडणाऱ्या एन्झाइमला मोकळा ऑक्सिजन चालत नाही, पण जिवाणूला श्वासाला तर तो हवाच. म्हणून हा रंगीत पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि बेताबेताने सोडतो. आपल्या तालुक्यात घरोघरी सोयाबीन आहे, पण गाठ कापून बघितलेला बारावीचा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

दुसरा गुलाबी रंग जिल्ह्यातल्या सगळ्यांनी पाहिला, निदान मोबाइलवर तरी. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचं सरोवर गुलाबी झालं. इथून सिंदखेडराजामार्गे दीड-दोन तासांवर ही घटना घडली आणि व्हॉट्सअॅपवर चमत्कारापासून प्रलयापर्यंत सगळं फिरलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला गेले. शैवालामुळे रंग आला असावा, असा पहिला अंदाज होता. निघाले हॅलोआर्किया, खारट पाण्यात सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव. पाऊस नाही, उष्णता जास्त, त्यामुळे पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. रंग कायमचा आहे का, हे बघायला संशोधकांनी काय केलं? पाणी काही काळ हलवलंच नाही. गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांचा होता. अशी साधी युक्ती सुचणं हे या विषयातलं खरं डोकं.

आणि हे हॅलोआर्किया जिवाणूही नाहीत बरं. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की आर्किया ही सजीवांची वेगळीच शाखा आहे. म्हणजे आजच्या बऱ्याच पालकांचा जन्म झाला, त्याच्या आगेमागे सजीवसृष्टीची एक अख्खी शाखा सापडली. हा विषय जुन्या पुस्तकांत बंद झालेला नाही, तो असा.

तिसरा गुलाबी रंग शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा, गुलाबी बोंडअळीचा. तिची गोष्टही सूक्ष्मजीवाचीच. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिडे मारणारा एक जिवाणू सापडला. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला; प्रांतावरून नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपण त्याला बीटी म्हणतो. याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून विष बनतं. हे प्रथिन बनवणारा जनुक कपाशीत घातला आणि २००२ मध्ये भारतात त्या कपाशीला परवानगी मिळाली, ती शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांना. पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्यावर मात करायला सुरुवात केली, २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. जिवाणू आणि अळीची ही कुस्ती पुढे कोण खेळणार, हा प्रश्न तुमच्या मुलांच्या पिढीचा आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. नोकरी.

आधी एक गैरसमज. मायक्रोबायोलॉजीची बीएससी किंवा एमएससी म्हणजे डॉक्टरकी नव्हे. एमबीबीएसनंतर करतात ती एमडी मायक्रोबायोलॉजी वेगळी. बीएससी करून पॅथॉलॉजी लॅब टाकू आणि रिपोर्टवर स्वतःच सह्या करू, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. त्या सहीला पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी घेतलेला डॉक्टर लागतो. लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचं असेल तर डीएमएलटीसारखा अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो.

दुसरी गोष्ट, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. बीएससीवर मिळणारी पहिली नोकरी घर चालवण्यापुरती असते, मिरवण्यापुरती नाही. एमएससी झाली की दार मोठं होतं. जे सल्लागार पहिल्याच वर्षी मोठा आकडा सांगतात, त्यांना विचारा की त्यांच्याकडून गेलेली किती मुलं आज त्या आकड्यावर आहेत.

कामं मात्र खरी आहेत आणि बरीच जवळ आहेत. आपल्याकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन चालतं, ते बियाणं जालन्याला जातं. त्याचं आरोग्य तपासावं लागतं: ओल्या टिपकागदावर बिया मांडायच्या, आठवडाभर ठेवायच्या आणि कुठल्या बुरशीने डोकं वर काढलं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत औषध कंपन्या आहेत, बिअरचे कारखाने आहेत. इंजेक्शनची प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी त्यात जिवाणू नाहीत, मेलेल्या जिवाणूंचं विषही नाही, हे कुणीतरी सही करून सांगावं लागतं. ते विष ओळखायला वर्षानुवर्षं एका समुद्री प्राण्याचं, नालखेकड्याचं, निळं रक्त वापरत आले आहेत; विषाचा अंश असला की ते गोठतं. आता त्याला प्रयोगशाळेत तयार केलेला पर्यायही आला आहे.

सरकारी बाजूला अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चालते. अश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला इथे केवढी गर्दी होते, किती दुकानं लागतात, ते आठवा. त्या खव्याचा आणि पाण्याचा वाली कोण, याचं उत्तर याच विषयात आहे. पाणीतपासणी प्रयोगशाळा, डेअऱ्या, जैविक खतांचे कारखाने हे आहेतच. संशोधनाकडे जायचं तर एमएससी, मग नेट किंवा गेट, मग पीएचडी. ही वाट लांब आहे आणि पालकांनी 'कधी संपणार' असं दर दिवाळीला विचारलं तर आणखी लांब वाटते. मुलीला प्रयोगशाळेपेक्षा शिवार आवडत असेल तर सीईटी देऊन कृषी पदवीला जावं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून हाच विषय मातीच्या बाजूने शिकता येतो.

पुण्यातल्या मीनल दाखवे-भोसले यांचं नाव मार्च २०२० मध्ये गाजलं. विषाणूशास्त्रज्ञ म्हणून त्यांच्या चमूने करोनाचं चाचणी किट सहा आठवड्यांत तयार केलं आणि स्वतःच्या बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ते तपासणीला सादर केलं. त्या किटचं आरटी-पीसीआर तंत्र ज्या एन्झाइममुळे घराघरांत पोहोचलं, ते मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूकडून मिळालेलं. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात तो जिवाणू शोधला, तेव्हा त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

मग कुणी जावं या विषयाला? मार्कांपेक्षा मी हात बघतो. मे महिन्यात आपल्याकडचा उकाडा, आणि प्रयोगशाळेत पंखा बंद, कारण वाऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणू डिशमध्ये उतरतात. वर स्पिरिटचा दिवा पेटलेला. तारेचा लूप लाल होईपर्यंत तापवायचा, थंड होऊ द्यायचा, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, बूच करंगळीत धरायचं, टेबलावर ठेवायचं नाही. विद्यार्थी असताना एकदा मी घाम सहन न होऊन दोन मिनिटं पंखा लावला. तिसऱ्या दिवशी माझ्या सहाही डिशांवर काळी बुरशी होती आणि आठवड्याचं काम केरात.

माझ्या केरात फक्त डिशा गेल्या. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुळकोवाल गावात प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. लस वाल्डेमार हाफकिन यांची. १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. दोष त्यांच्यावर आला, कामावरून दूर व्हावं लागलं. पुढे उघड झालं की गावातच बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच बुचाला लावला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, परळच्या संस्थेला पुढे त्यांचं नाव मिळालं. एक चिमटा जमिनीवर पडणं म्हणजे काय, हे ज्याला आतून कळतं त्याने या विषयात यावं. ज्याला ही कटकट वाटते तो हुशार असला तरी इथे रमणार नाही, त्याने दुसरं काही करावं, त्यात कमीपणा नाही.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रयोगशाळा उघडायला लावा. ऑटोक्लेव्ह चालू आहे का विचारा, म्हणजे तो मोठा प्रेशर कुकर. चालत असेल तर खोलीला शिजलेल्या माध्यमाचा उग्र वास असतो, पहिल्या दिवशी नाक मुरडावं असा. एका सूक्ष्मदर्शकावर किती मुलं बसतात ते मोजा. आणि आगर कशासाठी वापरतात हे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारून बघा. गंमत अशी की हे आगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात वितळून जायचं. १८८१ मध्ये तिथल्या एका शास्त्रज्ञाची पत्नी फॅनी हेस यांनी सुचवलं की मी मुरंब्याला आणि जेलीला वापरते ते आगर बघा की. आज जगातली प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळा त्या स्वयंपाकघरातल्या सल्ल्यावर उभी आहे.

त्या दिवशी टपरीवर मी एवढं सगळं बोललो नाही, चहा निवला असता. गृहस्थांना म्हणालो, रिपीटचा निर्णय आठवडाभर लांबवा, पण पेरणी झाल्यावर महिन्याने हिला एक झाड काढायला लावा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. "सर, पोरीनं आठ झाडं काढली. निम्मं वावर पार गुलाबी, पण बांधाकडच्या तासांतल्या गाठी बारीक आणि पांढऱ्या. ती म्हणते पाकीट तर सगळ्याच बियाण्याला चोळलं होतं."

बांधाकडे युरिया जास्त पडला होता का, मी विचारलं. मातीत फुकटचा नत्र मिळाला की सोयाबीन जिवाणूंशी सौदाच करत नाही.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग मागून मुलीचा आवाज, "पप्पा, त्यांना विचारा, तिथली माती घेऊन तपासायची तर किती खोलवरची घ्यायची?"